वाढणीची पाळी

सूर्य हातभर वर आला की ख्रिस्तवाडीच्या विहिरीवर खालच्या आळीच्या बायका घागरी घेऊन यायच्या आणि कट्ट्याखाली बसून राहायच्या. "आक्का, पाणी वाढा वो!" अशी हाक आली आणि पाळी आपली असली की मालुबाई हातातलं काम टाकून उठायची. पदर खोचायचा, घरातल्या खुंटीवरचा दोर घ्यायचा, पोहरा विहिरीत सोडायचा आणि पोहरा घागरीला लागणार नाही अशा बेतानं वरून पाणी ओतायचं. बायकांचे हात कोपरापर्यंत भिजायचे. त्या हसायच्या, मालुबाईही हसायची.

निपाणीपासून दोन कोसांवरची ही वस्ती. फार पूर्वी एका गोऱ्या पाद्र्यानं माळावर विहीर खणली आणि विहिरीभोवती आठ घरं उभी राहिली. वरच्या आळीची पाच घरं मराठ्यांची, खालच्या आळीची तीन महारवाड्यातून आलेली. बाप्तिस्मा मात्र सगळ्यांनी त्याच विहिरीच्या पाण्यानं घेतला होता. पाणी डोक्यावर घेताना कुणाला काही वाटलं नाही, ते घरी न्यायची वेळ आली तेव्हा बरोब्बर जात आठवली. पाद्री मायदेशी गेला आणि वरच्या आळीनं रीत घातली. दोराला हात आपलाच लागायचा, खालच्यांना पाणी वरून वाढायचं. पाच घरांतल्या बायकांनी पाळी लावून घेतली. या रीतीला नावही मोठं गोड ठेवलं होतं, सेवा!

आणि गंमत अशी की यात काही वावगं आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मालुबाईचा नवरा यल्लाप्पा त्या मंडळीचा वडील, म्हणजे पाळक नसेल तेव्हा उपासना चालवणारा, मयताला प्रार्थना करणारा कारभारी. रोज दिवेलागणीला तो घरादाराकडून दोन आज्ञा म्हणवून घ्यायचा. देवावर जीव ओवाळून प्रीती करा आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी करा. मग डोळे मिटून म्हणायचा, "बापा, आमच्या हातून तहानलेल्यांस पाणी मिळते, हे तुझेच उपकार." त्या वेळी मालुबाईचे डोळे खरोखर भरून यायचे. लग्न होऊन आल्यापासून तिनं आपली पाळी चुकवली नव्हती. देवाच्या दारी हीच आपली पुंजी, असं ती भाबडेपणानं समजत होती.

एकोणीसशे अठरा साली पावसानं दगा दिला. ज्वारी जागीच करपली, ओढा आटून म्हशींच्या डबक्यापुरता उरला. आश्विनात भरीला मानमोडीचा ताप आला. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी मान टाकायचा. वरच्या आळीतल्या बायका एकामागून एक अंथरुणाला खिळल्या आणि पाळी मोडली. शेवटी मालुबाईही पडली.

त्याच दिवशी खालच्या आळीतला शामू तापानं फणफणला. शामू म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा, अंगानं दणकट, गळ्यानं गोड. त्याची बायको सारू रिकामी घागर घेऊन विहिरीवर आली.

"आक्का, पाणी वाढा वो! ह्येनी पानी पानी करत्यात. घशाला कोरड पडलीया."

मालुबाईनं ती हाक बाजेवर पडल्या पडल्या ऐकली. यल्लाप्पा उशाशी बसून तिला वाटीनं पाणी पाजत होता. उशाला कळशी भरलेली होती.

"अवो, सारू आलीया," ती म्हणाली. "वाढा तिला."

"मी? बाप्या माणसानं वाढणी केलेली कुणी बघितलीया व्हय?"

"मग दोर तरी द्या. ती वढून घेईल."

यल्लाप्पानं आधी दाराकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "खुळी का काय तू? धरम बदलला तरी गावातली भाऊकी आपल्याला धरून हाय, ती ह्या दोरापायी. त्येंचा हात दोराला लागला तर लगीन न्हाय, मयत न्हाय, न्हावी-सुतार समदं बंद. उद्याच्याला दाजीबाची बायकू उठंल, ती वाढंल."

तापानं मालुबाईची जीभ जड झाली होती हे खरं, पण नवऱ्याचं म्हणणं तिला पटलंही होतं, हेही तितकंच खरं. तिनं वाटीतलं पाणी पिऊन घेतलं आणि कूस बदलली.

दाजीबाची बायको काही दुसऱ्या दिवशी उठली नाही. सारू पुन्हा आली, पुन्हा कट्ट्याखाली बसली. हाका मारून तिचा आवाज बसला. वरच्या आळीत पाच बाप्ये हिंडते-फिरते होते. एकजण बैलाला पाणी दाखवायला तिच्यासमोरून विहिरीवर आला, पोहरा ओढला, बैलाला पाजलं आणि दोर परत यल्लाप्पाच्या खुंटीवर नेऊन टांगला. तो माणूस दुष्ट नव्हता हो. जाताना "देव हाय, सारू," असंही म्हणाला.

मग सारू ओढ्यावर गेली. म्हशींनी ढवळलेलं पाणी पदरानं गाळून तिनं घरी आणलं. शामूनं ते अधाशासारखं ढोसलं आणि सगळं ओकून टाकलं. रात्री तो "विहिरीचं दे, विहिरीचं," एवढंच बडबडत होता. उजाडायच्या आत बडबड थांबली.

मातीला आठी घरांतले उठू शकणारे सगळे आले. ताप उतरलेली मालुबाई काठी टेकत आली. यल्लाप्पानं हात जोडले.

"बापा, मानमोडीच्या रूपानं तू आमची परीक्षा पाहतोस. आमचा भाऊ शामू या तापानं..."

"तापानं न्हाय," मालुबाई म्हणाली.

प्रार्थनेत बाईमाणूस मधे बोललेलं त्या वस्तीनं कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी डोळे उघडले.

"मानमोडी मलाबी झालती," ती म्हणाली. "माझा जीव ऱ्हायला. माझ्या उशाला कळशी हुती. शामूच्या उशाला काय हुतं, इचारा सारूला."

कुणी विचारलं नाही. यल्लाप्पानं घाईघाईनं आमेन म्हटलं आणि लोक माती ढकलू लागले. सारू रडतसुद्धा नव्हती. तिच्या त्या कोरड्या डोळ्यांकडं पाहून मालुबाईला आपल्या इतक्या वर्षांच्या सेवेची शिसारी आली. शेजाऱ्याला भिकारी करून ठेवायचं आणि मग भीक घालून देवाचं नाव सांगायचं, हीच का ती प्रीती? तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुंटीवरचा दोर काढला. यल्लाप्पा दारात आडवा झाला.

"आगं, गाव वाळीत टाकंल आपल्याला!"

"टाकू दे. सारूला आपुन कवाचं टाकलंय. तिचं कसं चाललंय ते तरी कळंल."

"मंडळीत मला त्वांड दाखवायला जागा ठेव."

"शामूच्या मातीवर दावलंसा की." ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

कट्ट्याखाली सारू बसली होती. खालच्या आळीत अजून दोघं तापानं पडली होती, त्यांच्यासाठी ती घागर घेऊन आली होती. मालुबाईनं दोर तिच्या पुढं धरला.

"घे. वर ये आन तुझ्या हातानं वढ. आता हितं कुणी कुणाला वाढायचं न्हाय."

सारूनं दोराकडं पाहिलं, मग मालुबाईकडं.

"परवा द्यायचा हुता, आक्का."

एवढं बोलून ती कट्ट्यावर चढली. हाताला सवय नव्हती. पोहरा कडेला आपटत वर आला, निम्मं पाणी हिंदकळून गेलं. तिनं पुन्हा सोडला. घागर भरली, कमरेवर घेतली आणि मागं न बघता आजाऱ्यांच्या दाराकडं चालू लागली. मालुबाईनं त्याच पोहऱ्यानं आपली कळशी भरली.

बातमी वरच्या आळीत वाऱ्यासारखी पसरली. उरलेल्या चार घरांनी विहिरीचं पाणी सोडलं. बायका तापातून नुकत्या उठलेल्या, त्यांना चांगलं पाणी हवं होतं, तरी त्यांचे नवरे कावडी घेऊन ओढ्यावर निघाले, म्हशींच्या त्या डबक्यावर. महाराचा हात लागलेल्या पाण्यापेक्षा म्हशीनं ढवळलेलं त्यांना सोवळं वाटलं. माणसाच्या अकलेला काय म्हणावं!

यल्लाप्पा कुणाकडं गेला नाही. घरातली कळशी भरलेली होती, तिच्याकडं पाठ करून तो भिंतीशी बसून राहिला. आश्विनातलं ऊन रखरखत होतं. मालुबाईनं भाकरी वाढली, ती त्यानं कोरडीच चावली. घास घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दुपार कलली तेव्हा ओठांवरून जीभ फिरवत तो हळूच म्हणाला,

"घोटभर पानी दे गं."

मालुबाईनं तांब्या भरून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"शामूबी एवढंच मागत हुता," ती म्हणाली.

यल्लाप्पानं तांब्या तोंडाला लावला, पण घोट काही केल्या घशाखाली उतरेना.