आबादानची परत केलेली तिकिटं

प्रवासावर वर्षाला किती खर्च करायचा, हा प्रश्न हुशंगच्या घरात सव्वीस वर्षांत एकदाही निघाला नव्हता, कारण त्याचं उत्तर हुशंगने लग्नाच्या वर्षीच देऊन टाकलं होतं. लंगरूदला राहणाऱ्याने कुठे जायचं? अर्ध्या तासावर समुद्र, मागे डोंगर, मधे भाताची खाचरं. अख्खा तेहरान नौरोजच्या, नव्या वर्षाच्या, सुट्टीत जिथे धावत येतो तिथे आपण बारा महिने फुकट राहतो, असं तो म्हणे, आणि म्हणताना असा तोरा मिरवी की जणू समुद्र त्यानेच आणून ठेवला आहे.

फरंगीसने या वर्षी तो प्रश्न काढला. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. नौरोजला महिना असताना एका सकाळी चहाचा पेला खाली ठेवून तिने सांगितलं की यापुढे दर वर्षी तिचा एका महिन्याचा पगार प्रवासासाठी बाजूला पडेल, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि यंदाचा प्रवास आबादानचा. हुशंगने उजवा हात डोळ्यावर ठेवला आणि "चश्म, खानूम, तुझा हुकूम डोळ्यांवर" म्हणाला. तो हा हात दिवसातून दहा वेळा डोळ्यावर ठेवत असे, हे तिने तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

आबादानला तिचा जन्म झाला होता. वडील तेलाच्या कारखान्यात कामाला होते, कंपनीने दिलेल्या घरांच्या ओळीत शेवटून दुसरं घर त्यांचं. दारापुढे कंबरेइतकं हिरवं कुंपण आणि पाळी सुटताना वाजणारा भोंगा. संध्याकाळी वडील तिला सायकलवर पुढे बसवून नदीकाठी न्यायचे आणि तिखटजाळ संबूसे खाऊ घालायचे. ती नऊ वर्षांची असताना इराकशी लढाई पेटली आणि आई-वडील दोन पोरं आणि एक गाठोडं घेऊन उत्तरेला आईच्या माहेरी, लंगरूदला आले. वडील इथेच गेले, आणि जाईपर्यंत इथल्या पावसाला शिव्या देत होते. फरंगीसने ते घर पुन्हा पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात तिथल्या जुन्या शेजारणीचा, बतूलचा, निरोप आला की ती घरांची ओळ येत्या उन्हाळ्यात पाडणार आहेत. बघायची असेल तर आता ये, माझ्याकडेच उतर.

आता येणं म्हणजे नौरोजलाच येणं. फरंगीसच्या शाळेला लांब सुट्टी दोनदाच, नौरोजला आणि उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यात आबादानला डांबर वितळतं, शिवाय तोवर घरच राहणार नव्हतं. तिने तेहरानहून पुढच्या रेल्वेची दोन तिकिटं काढली. मुलगा कियान सरहद्दीवर लष्करी सेवेत होता, त्यामुळे दोनच. तिकिटं तिने कपाटात ठेवली आणि शाळेतल्या बायकांना सांगत सुटली, जे तिच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी तेहरानहून नणंदेचा, मनीझेचा, फोन आला. फरंगीस स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. फोन हुशंगने घेतला. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं, पण हुशंगचं मधूनमधून एखादं वाक्य येत होतं आणि एकेका वाक्याला तिचा हात थबकत होता. आम्ही कुठे जाणार, आबजी! तुमच्या पावलांची वाट बघत बसलोय. छे छे, त्रास कसला, घर तुमचंच आहे. न आलात तर मी जन्मभर रुसेन, सांगून ठेवतो.

ती चिमटा हातात घेऊनच बाहेर आली. हुशंगने फोन खाली ठेवला होता आणि तो फोनकडे बघत होता.

"मला वाटलं ती नको म्हणेल," तो म्हणाला.

"आणि ती हो म्हणाली."

"अगं, बोलायची एक पद्धत असते. सख्खी बहीण विचारतेय आणि मी काय सांगू, येऊ नका?"

हेच सांगायचं होतं. येऊ नका, आम्ही घरी नाही, आम्ही आबादानला चाललोय. फरंगीसने ते त्याला दहा तऱ्हांनी सांगितलं, ओरडून सांगितलं, शेवटी रडून सांगितलं. अजून वेळ आहे, परत फोन कर. तो करतो म्हणाला, हात डोळ्यावर ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना त्याने कपाटातली तिकिटं काढून परत केली. रेल्वेने कापून घेतलेली रक्कम वजा जाऊन जे आलं ते त्याने शहाण्यासारखं तिच्या उशीखाली ठेवलं. त्या रकमेतून पुढे पाहुण्यांसाठी मासे आले. सणाच्या आठवड्यात पांढऱ्या माशाचा भाव काय असतो हे समुद्राकाठच्या माणसाला विचारावं.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दुपारी दोन गाड्या दारात लागल्या. मनीझे, तिचा नवरा सिरूस, दोन मुलगे, दोन सुना आणि एक दुडदुडणारं पोर. सात माणसं आणि पिस्त्याचा एक डबा. दर वर्षी हेच. तेरा दिवस. फरंगीस पहाटे उठून सात जणांचा नाश्ता मांडी, अकरापासून भाताच्या मागे लागे, दुपारी भांडी, मग चहा, फळं, पुन्हा चहा, पुन्हा भात. सुना "मामी, आम्ही करतो ना" म्हणत आणि बसून राहत. समुद्रावर सगळे जात तेव्हा ती मागे राही, कारण परत आल्यावर सगळ्यांना भूक लागलेली असे. या वर्षी तिने हे सगळं तोंड शिवून केलं. हुशंगला ते बरं वाटलं. राग गेला म्हणायचा, असं त्याने स्वतःचं समाधान करून घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना सिरूसने तो विषय काढला. सिरूस बँकेतून निवृत्त झालेला; जगाला सल्ला द्यायचा आपल्याला अजून पगार मिळतो असं त्याला वाटे. पोट भरलं होतं, दातकाडी हातात होती. तो धाकट्या मुलाला सांगू लागला की उधळी माणसं सुट्टीत लाखो तोमान हॉटेलवाल्यांच्या घशात घालतात आणि परत येऊन कपाळाला हात लावतात. जाणत्या कुटुंबाने प्रवासाचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावा.

"आमचं बघ. पेट्रोल आणि एक पिस्त्याचा डबा. संपला खर्च. वीस वर्षांत मी यापेक्षा एक तोमान जास्त घातला नाही, आणि माझ्याइतका समुद्र कुणी पाहिलाय?" मग त्याला यजमानीण आठवली. "आणि फरंगीस-खानूम, तुम्हाला तर तेवढाही खर्च नाही. तुम्ही स्वर्गातच राहता. तुम्हाला कुठे जायची गरजच काय?"

फरंगीस भाताचं पातेलं उपडं करून तळाची खरपूड ताटात काढत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ताट सिरूसपुढे ठेवलं, खरपूड त्याला आवडते म्हणून त्याच्याच पुढे, आणि सरळ त्याच्या तोंडावर बोलली.

"आगा सिरूस, तुमचा हिशेब चुकतोय. तुमच्या प्रवासाला दर वर्षी माझा एक पगार लागतो. तो तुम्ही धरलेला नाही."

हुशंग हसला. फरंगीस थट्टा करतेय, असं त्याने सर्वांना सांगितलं.

"थट्टा नाही करत. आणि यंदा पगारावर भागलं नाही. यंदा माझं आबादान लागलं." तिने सगळं सांगितलं. घर, बतूलचा निरोप, तिकिटं, ती कुणी परत केली आणि आज ताटात असलेला मासा कोणत्या पैशांचा आहे. ती आवाज न चढवता बोलली, वर्गातल्या अडतीस पोरांशी बोलते तशी.

मनीझेने चमचा खाली ठेवला. फरंगीसला वाटलं, आता ही रुसणार, बॅगा भरणार, आणि सव्वीस वर्षांचं भांडण आज उभं राहणार. तिची तयारी होती.

"हुशंग," मनीझे म्हणाली, "मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?"

हुशंगने पाण्याचा पेला उचलला.

"मी सांगितलं होतं की यंदा आम्ही यझ्दला जातोय. खोली ठरलीय. वीस वर्षांनी या माणसाने पहिल्यांदा खिशात हात घातला होता. मी फक्त खुशाली विचारायला फोन केला होता. आणि बोलायचं म्हणून बोलले की तुमच्याकडे यायला आवडलं असतं."

"मग मी काय म्हणायला हवं होतं, आबजी? बरं, नका येऊ?"

"मी तीनदा नको म्हटलं. तू सोडेनास. तीनदा विचारलं, तुमचं काही ठरलं असेल ना? तू म्हणालास, कियानच्या जिवाची शपथ, आम्ही कुठ्ठेही जात नाही. एवढी शपथ घातल्यावर मी कोणत्या तोंडाने येत नाही म्हणणार? यांनी तर त्याच दिवशी यझ्दचे पैसे परत आणले आणि नाचले."

फरंगीसला सिरूस दिसेनासा झाला, सुना दिसेनाशा झाल्या. एवढी वर्षं ती या बाईला मनातल्या मनात बोल लावत आली होती, आणि ही बाईही तिच्याचसारखी फसलेली निघाली. दोघींनाही नको असलेला सण या घरात चालू होता, आणि त्यासाठी दोन बायकांचे दोन प्रवास बुडाले होते. का? तर एका माणसाला तेवढ्यापुरतं चांगलं दिसायचं होतं. आणि त्यासाठी त्याने पोराचा जीव डावाला लावला होता, सरहद्दीवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोराचा.

"कियानची शपथ घेतलीस?"

"अगं, ती बोलायची..."

"पद्धत असते," तिने वाक्य पुरं केलं आणि ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तासाभरावरच्या रश्तहून अहवाझला बस होती. तिथून आबादान दोन तासांवर. फरंगीसने सकाळीच पिशवी भरली. हुशंग तिच्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. घरात पाहुणे आणि घरची बाई बाहेर, लोक काय म्हणतील? पाहुणे तू बोलावलेस, ती म्हणाली, आणि तांदूळ कुठे आहे, मासे किती उरलेत, गॅसची कोणती शेगडी नीट पेटत नाही हे त्याला दाखवलं. सिरूस अंगणात वर्तमानपत्राआड बसून होता. मनीझे दारापर्यंत आली. तिने आग्रह केला नाही, माफी मागितली नाही, फक्त "जा" म्हणाली. त्या घरात चार दिवसांत बोलला गेलेला तो पहिला सरळ शब्द होता.

हुशंगने तिला गाडीने रश्तला सोडलं. तिने खिडकीवरून तिकीट घेतलं, एकच. पिशवी बसमध्ये चढवून हुशंग खाली उतरला आणि दारापाशी उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. तेच तर तिला सगळ्यांत असह्य झालं.

"मीही आलो असतो गं," तो म्हणाला. "अगदी मनापासून."

"चल मग. माझ्या शेजारची सीट रिकामी आहे."

तो गडबडला. घरी पाहुणे आहेत, तो म्हणाला. त्यांना घर माहीत आहे, ती म्हणाली. कपडे नाहीत बरोबर. अहवाझला दुकानं आहेत. त्याने बसकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"हुशंग, मी येणार नाही, असं म्हण. मी रागावणार नाही. तुझ्या तोंडून एकदा खरं ऐकायचंय, एवढंच."

त्याने तोंड उघडलं. फरंगीस पायरीवर उभी राहून वाट बघत होती, आणि त्या क्षणी तिला आबादानपेक्षाही ते तीन शब्द हवे होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"असं कसं म्हणू?" हुशंग म्हणाला आणि त्याचा उजवा हात डोळ्यावर गेला. "तू हो पुढे. मी मागून येतोच."

फरंगीस आत गेली आणि खिडकीशी बसली. तिथून तो हात हलवताना दिसत होता. तिने पडदा ओढून घेतला.