येणारी गाडी

मोबाईलवरचा फोटो इतका अस्पष्ट होता, की तामूला आधी ते चादरीत गुंडाळलेलं गाढवच वाटलं – काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, मधेच एक फुगवटा... मग चाकं दिसली. अल्लालनं फोटो बोटांनी मोठा करून तिच्या नवऱ्यापुढे, मिलूदपुढे धरला. लांबच्या प्रवासाची नवी मोटारसायकल. वसंतात येणार होती, आणि रूप ओळखू येऊ नये म्हणून पट्ट्यांनी झाकून चाचणी चालू असताना कुणीतरी लपून टिपली होती.

शुक्रवारचं कुसकुसचं जेवण नुकतंच झालं होतं. नवऱ्याच्या हनुवटीला चिकटलेला गाजराचा तुकडा तामूनं पुसला, तशी मिलूदनं मान फिरवली. मित्रासमोर नको, एवढंच. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा डावा हात मांडीवर पडून असतो, कुणी विसरून गेल्यासारखा... पूर्वी मिदेल्त गावाहून पार एरफूदपर्यंत, घाटातल्या वाऱ्यात, मोटारसायकलवर मी त्याच्या पाठीला गाल लावून बसायचे. समोरचा रस्ता मी कधी पाहिलाच नाही. वळण आलं की त्याची पाठच आधी सांगायची.

अल्लाल अंदाज बांधत होता – पुढची काच बटणानं वरखाली होईल, मागच्या सीटला ऊब असेल, टाकी मोठी असेल. मिलूदच्या तोंडून तुटके शब्द येत होते आणि तामू ते जोडून देत होती. एवढी मोठी टाकी म्हणजे वजन वाढणार, ते त्याला पसंत नव्हतं. किती महिन्यांनी तो कुणाशी तरी वाद घालत होता! ती चहा ओतायचं विसरून ऐकत राहिली.

"आणि क्लच नसणार म्हणे," अल्लाल बोलून गेला. "गिअर आपोआप पडणार. डाव्या हाताला कामच नाही."

मग आपलंच बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं. त्यानं मोबाईल खाली ठेवला. मिलूद मात्र सावकाश तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू आता हसते, ती हसत होती.

"तामू... बसशील? मागं?"

पायाचं काय, तोल कोण सांभाळणार, डॉक्टरांनी काय बजावलंय – सगळं तिच्या जिभेवर आलं.

"वहिनी, मी आपलं सहज..." अल्लाल पुटपुटला.

"बसेन की," ती म्हणाली. "पण हळू चालवायची. म्हातारी झालेय मी."

अल्लाल गेल्यावर मिलूदनं व्यायामाचा रबरी चेंडू आपणहून मागितला. महिनाभर त्यानं त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती ताटं विसळत दारातून बघत राहिली – चेंडू डाव्या तळव्यात, बोटं जागची हलत नव्हती, आणि तो त्यांच्याकडे टक लावून... खोटं बोलले का मी? पण 'बसेन' म्हणताना गालाला खरंच वारा लागला होता. इतके दिवस या घरात काही यायचंच राहिलं नव्हतं, म्हणून चुकायचंही काही नव्हतं. आता वसंत यायचा होता, आणि गाडी आली की ती बोटं खरं काय ते सांगणार होती. तिला गाडी बनवणाऱ्या त्या अनोळखी कारखान्याची धास्ती वाटू लागली... काहीतरी अडू दे तिथं. या वसंतात नको, पुढच्याही नको. ती गाडी नुसती येत राहू दे, देवा – येत राहू दे.