आतली कडी

बसस्थानकावर दिवसभर माइकसमोर बसून गाड्या पुकारायच्या आणि अधूनमधून प्रवाशांना बजावायचं, की अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका, हे त्या बाईचं काम. त्या दुपारी तिचा आवाज असा बसला की तोंडातून नुसती हवा यायला लागली. साहेब म्हणाले, "घरी जा बाई, प्रवासी घाबरतील." घसा दुखत होता, तरी बाई खुशीत निघाली. लेकीबरोबर एक अख्खी दुपार मिळणार होती, आणि अशी दुपार कधी मिळाली होती ते तिला आठवतही नव्हतं.

लेकीला घरात भिंगरी म्हणायचे. नाव तेवढं भिंगरी, पोर बसवाल तिथे बसणारी. शाळेची गाडी फाटकाशी सोडायची. मग जिना चढून घरात शिरायचं, आतून कडी लावायची आणि आईची हाक कानावर आल्याशिवाय ती काढायची नाही. घरात फोन नव्हता, कारण फोनवर कोणीही गोड बोलतं. स्टूलवर चढायचं नाही. समोर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या, त्यांच्याशीसुद्धा बोलायचं नाही. मावशींनी एकदा आपण होऊन विचारलं होतं, "दुपारची बसत जाऊ का हिच्याजवळ?" त्यावर बाई म्हणाली, "नको, आमचं बरं चाललंय." नवरा सोडून गेल्यापासून बाई ताकही फुंकून प्यायची. लोकांनी खुशाल नाकं मुरडावीत, पण पोरीला कधी साधं खरचटलंही नव्हतं.

बाईने कुलपात किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पण कडी आतून लागलेली. तिने दार वाजवून हाक मारली आणि आपल्याच घशातून निघालेला तो घोगरा खरखराट ऐकून दचकली.

आत पावलं धावत आली आणि थबकली.

"भिंगरी, मी गं."

"आई अंधार पडल्यावर येते," आतून उत्तर आलं. "तुम्ही कोण?"

बाईने पुन्हा हाक मारली, तर उरलासुरला आवाजही गेला. गडबड ऐकून मावशी गळ्यातल्या टेपसकट बाहेर आल्या. "अगं, आईच आहे तुझी! घसा बसलाय तिचा. उघड बरं."

"असंच सांगून फसवतात," पोर म्हणाली. "आणि मावशी, मला तुमच्याशी बोलायचं नाहीये. आई रागावते."

मावशींनी बाईकडे पाहिलं. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हुशार आहे हो पोर," मावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "थांबा, गरम पाणी आणते. गुळण्या केल्या की जरा आवाज सुटेल."

दारातल्या भिंगातून बघ म्हणावं, तर त्याला स्टूल लागतं. गळ्यातलं ओळखपत्र दाराखालून सरकवावं, तर ती फट पट्टी ठोकून बाईनेच बुजवलेली. बाई दाराला पाठ टेकून खाली बसली. खरं सांगायचं तर तिला बरंही वाटत होतं. पोरगी पक्की निघाली, कोणाच्या बापाला दाद देणार नाही. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली.

"काकू, गेला नाहीत?" आवाज अगदी दाराला चिकटून आला.

बाईने बोटाने टकटक केली.

"दार नाही उघडणार मी. पण थोडा वेळ बसा ना. तुम्हाला बोलता येत नाही का? मग हो असेल तर वाजवा. तुम्हाला मुलगी आहे?"

टकटक.

"ती पण एकटी असते?"

बाईचं बोट जरा अडखळलं. मग टकटक.

"मला भीती वाटते दुपारी. पंखा कुरकुरतो ना, तेव्हा मी पलंगाखाली जाते. आईला नाही सांगत. ती दमून येते, विचारते, सगळं ठीक ना? मी ठीक म्हटलं की हसते. नाहीतर हसतच नाही."

मावशी गरम पाण्याचा पेला घेऊन आल्या. बाईने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि पेला तसाच बाजूला ठेवला. आवाज सुटला असता तर पोरीने पुन्हा ठीक म्हटलं असतं. जगातल्या झाडून साऱ्या माणसांना बाईने दाराबाहेर ठेवलं होतं, आणि जो पहिला दोन घटका टेकला त्याच्यापुढे पोर मन मोकळं करत होती. आज तिथे आईच होती म्हणून निभावलं.

"काकू, आईला सांगू नका हं मी बोलले ते. उद्या पण याल? तुम्ही रोज आलात ना, तर एखाद दिवशी मी कडीपण काढीन."

बाईचं बोट दारापाशी जाऊन थांबलं. वाजवावं, तर पोर परक्या बाईला दार उघडायला तयार होणार. न वाजवावं, तर तिला वाटणार की ही बाईसुद्धा निघून गेली.

"काकू?" पोरीने दारावर आतून हळूच टकटक केली. "काकू, आहात ना?"