डावा पाय

ऋताने डावा पाय उचलून उंबरठ्यापलीकडे टाकला, मागे घेतला आणि पुन्हा टाकला. हातातल्या किटलीतलं दूध हिंदकळून दगडावर सांडलं, तेव्हा चौकात तांदूळ निवडत बसलेल्या प्रेमलाआत्याने मान वर केली.

"काय चाललंय तुझं?"

"प्रॅक्टिस."

"कसली? घरात शिरायची?"

"हो ना. सर बोलले, ट्रायलपर्यंत जिथं जिथं जाशील तिथं डावा पाय पहिला. जिना, गल्ली, बाथरूम, सब जगह."

"तुझ्या सरांना सांग, उद्या या घरात घट बसायचे आहेत."

"अगं, त्यांच्या घरी पण बसतात."

"मग त्यांच्या घरी जाऊन टाक डावा पाय."

ऋता हसली. पण किटली स्वयंपाकघरात ठेवून परत येताना तिने मधला उंबरठा पुन्हा डाव्या पायानेच ओलांडला, आणि आत्याला ते दिसलं.

प्रेमलाआत्या ऋताच्या वडिलांची आत्या. पण घरात लहानमोठे सगळे तिला आत्याच म्हणत. मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊनही तिला वीस वर्षं झाली असतील. रामघाटाच्या गल्लीतलं हे घर तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. गंगेचं पाणी गल्लीत चढलं की निदान दारात तरी अडावं म्हणून एका पुरानंतर त्यांनी सगळे उंबरठे वाढवून घेतले होते. मोठ्या माणसालाही पाय नीट उचलावा लागे, आणि पोरांना उचलून पलीकडे ठेवावं लागे. ऋताला मात्र कोणी उचललेलं आत्याला आठवत नव्हतं. चालायला लागली ती जणू धावायलाच लागली. पुढच्या दारापासून मागच्या जिन्यापर्यंत एकामागून एक उंबरठे ओलांडत ती सुटायची, आणि पाठीमागून आत्या ओरडायची, "उजवा पाय! उजवा पाय आधी!" दात घासावेत, जेवताना बोलू नये, तसंच हेही. तिचा पाय ते शिकला, आणि पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

शाळेत ती शंभर मीटर धावली, मग दोनशे. जिल्ह्यात पहिली आली. सिगऱ्याच्या मैदानावर विश्वेश्वर सरांनी तिला एकदा सहज हर्डलसमोर उभं केलं आणि मग तिच्या आईला बोलावून घेतलं. "बाकी बच्चे कूदते हैं," ते सुनीतीला म्हणाले, "ये लाँघती है. देखती भी नहीं." वर्षभरात आसपासच्या जिल्ह्यांतल्या सगळ्या मुली तिच्या मागे पडल्या. आणि गेल्या महिन्यात प्रयागराजच्या स्पर्धेत ती चारशे मीटर अडथळ्यांत सगळ्यांच्या आधी पोचली. शेवटची रेघ ओलांडून ती हात वर करून वळली, तोवर पंचाने हातातल्या यादीतलं तिचं नाव खोडलं होतं.

उंबरठ्याशी दूध सांडलं त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. संध्याकाळी नीलकंठ घाटावरून परतला तो गळून गेलेला. पंधरवडाभर महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांची श्राद्धं सांगून त्याचा आवाज बसला होता. तो पाटावर टेकतो न टेकतो तोच आत्याने विषय काढला.

"तुझी लेक दिवसभर डाव्या पायाने घरात येतेय."

नीलकंठने लेकीकडे पाहिलं. "का गं?"

ऋताने आत्यापुढची तांदळाची परात ओढली आणि तांदळात बोटाने लांबट गोल काढला. "हे मैदान. आपण असं पळतो. डावीकडे वळत."

"नेहमी डावीकडे?"

"नेहमी. आणि हर्डल वळणावर पण असतात. उजवा पाय पुढे टाकला की डावा मागून येतो, आणि तो हर्डलच्या आतल्या बाजूनं, खालून निघून जातो. वरून जायला हवा. तेवढ्यासाठी मला बाद केलं, बाबा. डावा पुढे टाकला की झंझटच नाही."

नीलकंठ तांदळातल्या रेघेवर वाकला. मग त्याने बोट त्याच रेघेवरून फिरवलं.

"ही उलटी प्रदक्षिणा झाली," तो म्हणाला. "अपसव्य. मग डावं अंग आधी, बरोबरच आहे. तुझे सर शिकलेले दिसतात."

"अपसव्य पितरांचं," आत्या म्हणाली. "आणि पितर आज गेले. उद्यापासून देवी आहे."

सुनीती ओट्यापाशी उभी होती. ती वळली. "आत्या, अष्टमीला ट्रायल आहे. यात निवड झाली तर लखनौला स्टेटला जाईल. नाही झाली तर सर म्हणतात, अडथळे सोड, नुसतं पळ. आणि नुसतं पळण्यात तिच्यापुढे चौघी आहेत."

"मी पळू नको म्हणतेय का? पेपरात फोटो आला तेव्हा गल्लीभर पेढे कोणी वाटले?"

"तूच," ऋता म्हणाली. "आणि अर्धे तू खाल्लेस."

नीलकंठने घसा खाकरला. असे वाद तो यजमानांकडेही सोडवत असे, दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन. "बाहेर पडताना डावा," तो म्हणाला, "आत येताना उजवा. शास्त्राला धक्का नाही, आणि तिची सवयही होईल."

आत्याने परात जवळ ओढून तांदूळ पुन्हा सारखे केले. निकाल तिला पटला होता.

घट बसले, अखंड दिवा लागला. आत्या सकाळी झेंडूची माळ ओवायला बसे, तिथून तिला पुढचं दार सरळ दिसे. पहाटे ऋता बूट हातात घेऊन निघे. उंबरठ्याशी क्षणभर थबके, डावा पाय पलीकडे. उन्हं चढल्यावर घामाने चिंब होऊन परते. पुन्हा थबके. उजवा. नंतर बाबांच्या वेदपाठशाळेतल्या मुलांसाठी भात घेऊन जाई, डावा. रिकामं पातेलं घेऊन येई, उजवा. म्हणजे जितक्या वेळा बाहेर डावा, तितक्याच वेळा आत उजवा. आत्याची सुई मधेच थांबू लागली. आपण नेमकं काय पाहतो आहोत हे तिला कळायला दोन दिवस गेले.

पोर दाराशी थांबत होती.

जिने आयुष्यात कधी उंबरठ्याकडे खाली पाहिलं नव्हतं, ती आता प्रत्येक चौकटीशी येऊन खाली बघत होती. एकदा देवघरापाशी ती फुलांचं ताट घेऊन नुसतीच उभी राहिली. एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तिच्या कपाळावर घाम होता.

"ये ना," आत्या म्हणाली.

"येते ना. विचार करू दे."

"आत यायला विचार कसला?"

ऋताने ताट उंबरठ्यावरच ठेवलं आणि ती वर गच्चीत निघून गेली. गच्चीवर तिच्या येरझाऱ्यांचा आवाज येत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आत्याला माळ पुढे ओवता येईना.

त्या दिवशी सुनीती मैदानावरून परतली ती चपला न काढताच पायरीवर बसली.

"वळणावर पोचली की बारीक बारीक पावलं टाकायला लागते," ती म्हणाली. "हर्डलसमोर जाऊन चक्क उभी राहिली, आत्या. हात ठेवून. बसस्टॉपवर राहतात तशी. सर म्हणाले, इसका पैर किसी से पूछ रहा है. पैर को पूछना नहीं चाहिए."

सुनीतीने चपला काढून बाजूला सारल्या.

"मी तिला केयूरकडे ठेवते. अष्टमीपर्यंत."

केयूर सुनीतीचा भाऊ, रेल्वेत होता. त्याच्या क्वार्टरमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपाट फरशी होती, उंबरठा कुठेच नाही. केरसुणी दारातून सरळ बाहेर जाई.

"नवरात्रात घरची मुलगी बाहेर?" आत्या म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता, आणि ते सुनीतीच्याही लक्षात आलं असावं, कारण ती भांडली नाही.

नीलकंठ सप्तशतीचा पाठ संपवून उठला होता. पोथी बांधता बांधता तो म्हणाला, "चूक माझी झाली. एका तोंडानं दोन पाठ शिकवत नाहीत. आमच्या पोरांना मी कधी शिकवले नाहीत." मग बायकोला, "ने तिला."

ऋता पाठीवर पिशवी टाकून निघाली. उंबरठ्याशी या वेळी ती थबकली नाही. आत्या माळ हातात धरून तशीच बसून होती.

घर एकदम रिकामं वाटू लागलं. आत्या उगाच उठे, दिव्यात तेल पाही, पुन्हा बसे. रात्री झोप नाही, दुपारी पडलं की कड बदलणं. तिला स्वतःचं परत येणं आठवत होतं. ती इंदूरला सून म्हणून गेली होती, आणि दोन वर्षांत कपाळ पुसून परतली, तेव्हा आई याच दारात उभी होती. आईने काही विचारलं नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "उजवा पाय टाक." आत्याने टाकला. किती बरं वाटलं होतं तेव्हा, की अजून आपल्यासाठी काही शुभ शिल्लक आहे. पुढे ती शाळेत नोकरीला गेली, बाजारात गेली, बोटीतून रामनगरला रामलीला पाहायला गेली. पण प्रत्येक वेळी ती परत आली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी दिवेलागणीच्या आत परतायची घाई तिच्या पायांतून गेली नव्हती.

"आत्या, जरा बैस," नीलकंठ म्हणाला. "तू चालतेस आणि मला धाप लागते."

"फोन कर ना त्यांना."

"सकाळीच केला."

"मग आता कर."

अष्टमीला गल्लीतल्या मुली कुमारिका म्हणून जेवायला आल्या. पाटावर ओळीने बसल्या, पुऱ्यांसाठी भांडल्या, ओटीतल्या रुपयाच्या नाण्यांनी खेळू लागल्या. आत्याने एकेकीचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. शेवटचा पाट रिकामा ठेवला होता. त्यावर मांजर येऊन बसलं आणि कोणी हाकललं नाही. मुली गेल्या तरी परात, तांब्या, सगळं चौकात तसंच पडून होतं.

मग नीलकंठचा फोन वाजला. तो ऐकत राहिला. "हं," म्हणाला. पुन्हा "हं." आत्याने त्याच्या दंडाला धरलं.

"दुसरी आली," तो म्हणाला. "आली म्हणजे आली, बाद नाही. वळणावरचे सगळे डाव्याने. निवड झाली. परवाच लखनौला न्यायचं म्हणतात सर. दसऱ्याला."

"आणि आता?"

"इकडेच येतायत. नमस्कार करायचाय म्हणे तिला. केयूरनं रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली."

आत्या उठली. कमरेवर हात ठेवून तिने परात उचलली, तांब्या काखेत घेतला. "हळदकुंकवाचं तबक आण," ती नीलकंठला म्हणाली.

"अगं, येतेय ती आतच."

"तबक आण म्हणते ना."

एरवी देवीच्या दिवसांत आत्या दाराबाहेर पडत नसे. ती चौकटीचा आधार घेत गल्लीत उतरली तेव्हा समोरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून बघत राहिला. ऋता कोपऱ्यावरून येताना दिसली. मळलेला पांढरा शर्ट, छातीवर अजून नंबर टाचलेला. आत्याला गल्लीत पाहून ती धावतच आली आणि दाराकडे वळली.

"थांब," आत्या म्हणाली. "आत येऊ नकोस."

ऋताचा चेहरा पडला. मागून आलेली सुनीती जागच्या जागी थांबली.

"बूट काढ," आत्या म्हणाली. "इथंच."

दाराशेजारच्या दगडी ओट्यावर ऋता टेकली. बूट निघाले, मोजे निघाले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, टाचेवरचा फोड फुटून सुकला होता. आत्याने परात तिच्यासमोर ठेवली. ऋताने उजवा पाय उचलला, मग तो अधांतरीच धरून आत्याकडे पाहिलं.

"दोन्ही ठेव एकदम," आत्या म्हणाली. "मला दोनदा वाकायला लावू नकोस."

ती वाकली. तांब्यातलं पाणी सोडलं, हाताने टाचा चोळल्या. ऋताने श्वास आत ओढला.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत."

मागून एक मोटरसायकल आली आणि परातीपाशी अडली. दोन बाजूंना ओटे, मध्ये आत्या. पोराने हॉर्न दिला.

"ए माताजी, तनिक किनारे!"

"पूजा हो रही है," आत्या मान न वळवता म्हणाली.

"गली में?"

"गली में."

त्याने ओट्यावर बसलेल्या मुलीकडे, तिच्या छातीवरच्या नंबराकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

आत्याने पायांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, पदराने पाणी टिपलं. ऋता खाली वाकून नमस्कार करायला लागली तर आत्याने तिला अर्ध्यावरच धरलं. "आज तू नाही करायचा." मग तिच्या कपाळावरचे केस मागे सारत हळूच म्हणाली, "मामाकडेच राहा. तुझे कपडे आई घेऊन येईल. पुऱ्या बांधून देते."

"आणि बाबा?"

"बाबा येतील तिकडे. त्यांना पाय आहेत."

नीलकंठ चौकटीच्या आत उभा होता, हातात तबक. तो हसला की काय केलं त्याने, ते आत्याला अंधुकच दिसलं.

पुऱ्यांचा डबा आला. ऋताने बूट पुन्हा घातले, हळद लागलेल्या पायांवरच, नाडी घट्ट आवळली आणि ती आईबरोबर निघाली. कोपऱ्यापर्यंत ती चालत गेली. मग आईला डबा देऊन धावत सुटली.

"अब जाएँ, माताजी?" मोटरसायकलवाल्याने विचारलं.

कोपरा रिकामा झाला होता. आत्या परात पायाशी तशीच ठेवून गल्लीच्या मधोमध उभी होती.

"थांब जरा," ती मराठीतच म्हणाली.