चौथ्या कडव्यापर्यंत

मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी मी जन्मभर चालतच आहे. मी एक जुना प्रोग्राम आहे. लांबलचक लिखाणातून शब्द शोधणाऱ्या साधनांचा एक संच असतो, त्यातला मी एक लहानसा भाग. मला अनेक देशांतल्या अनेकांनी घडवले, बहुतेकांनी फुकट. संगणकात एखादी वही भरली, की तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलासारखा क्रमांक मिळतो. हवा तो शब्द ज्या ज्या क्रमांकावर उभा असेल, तिथे तिथे जाऊन ‘इथे आहे’ असे सांगणे हे माझे काम. ‘पुढे?’ असे विचारले, की मी पुढच्या जागी जातो. मागे फिरणे मला शिकवलेले नाही.

खरा आनंद जोडीने चालण्यात असतो. दोन शब्द जवळजवळ कुठे आले आहेत, असे कुणी विचारले, की माझ्यासारखाच दुसरा सोबतीला येतो. जो मागे पडेल त्याने पाऊल टाकायचे. आमच्यातले अंतर पुरेसे कमी झाले, की आम्ही दोघे एकदम सांगतो, ‘इथे!’

महाडच्या प्रियदर्शिनीबाईंनी मला कामाला लावले. त्यांच्या आई गीताबाई तीस वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या शाळेत शिकवीत. लग्नांत बायका म्हणत ती गाणी त्यांनी एकेचाळीस वह्यांत उतरवली होती. मध्येच कुणी उखाणा घेतला, कुणी विहिणीला टोमणा मारला, तर तोही त्यांनी कानावर पडला तसा लिहिला. महाविद्यालयात शिकवता शिकवता प्रियदर्शिनीबाईंनी चार वर्षे खपून त्या सगळ्या वह्या संगणकात भरल्या.

मग माझे कौतुक झाले. महाविद्यालयाने ठेवलेल्या समारंभात अध्यक्षांनी पडद्यावरचा आकडा वाचला: ‘हळद’ हा शब्द सदतीस वह्यांत आहे! टाळ्या झाल्या, हार घातले गेले. त्या सदतीसांपैकी एकही वही उघडावी, असे कुणाही विद्वानाला वाटले नाही. कुठे आहे, कुणाच्या तोंडी आहे, शेजारी काय आहे, हे विचारण्याइतका फावला वेळ त्यांच्या संशोधनात नव्हता. पुढची दोन वर्षे मला कुणी एक पाऊलही चालवले नाही.

एका सकाळी कुडपणहून राहीबाई महाविद्यालयात आल्या. सत्तरीच्या, घामाघूम, आणि दारातूनच बोलत.

“गो बाय, तुझ्या आयच्या वहीत माजं गाणं हाय. काढून दे. आज सांजच्याला नातीची हळद हाय.”

“आधी बसा, राहीमावशी. पाणी घ्या. कोणतं गाणं?”

“पाच बायका हळद लावत्यात, तवा पाच कडवी म्हनायची. त्यातलं चौथं ध्यानात नाय. माजी बहीण बनुबाई म्हनायची, ती गेली.”

“मग चार म्हटली तर?”

“आज मी चार म्हटली तर पोरी चारच शिकतील. मंग पाच हुती ह्येच कुनाला कळायचं नाय.”

पहिली ओळ राहीबाईंनी सांगितली: ‘हळद राजनंदिनीला, आंबा मोहरला.’ बाईंनी ती अक्षरशः लिहिली. मी निघालो, आणि पहिल्याच पावलाला अडलो. एकेचाळीस वह्यांत राजनंदिनी कुठेच नव्हती.

“मावशी, राजनंदिनी कोण?”

“कोन म्हंजे? माजी नात! आजची नवरी.”

“पण आईनं हे लिहिलं तेव्हा ती जन्मली तरी होती का?”

राहीबाईंनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसल्या. “अगो, आज दुसरीचं नाव कसं घेऊ? जिची हळद, तिचंच नाव घ्यायचं असतंय.”

बाईंनी नाव काढून टाकले. ‘हळद’ आणि ‘मोहरला’ हे दोनच शब्द ठेवले, आणि मध्ये कोणतेही दोन शब्द चालतील, असे मला सांगितले. आम्ही दोघे निघालो. एकोणिसाव्या वहीत माझा सोबती चारशे पंधराव्या जागी उभा राहिला, मी चारशे बाराव्या. ‘इथे!’

“सापडलं!” बाई म्हणाल्या. “हळद जानूला, आंबा मोहरला...”

“जानू? माजी लेक! तिच्याच हळदीचं हाय ह्ये. पर ह्ये पयलं कडवं, मला येतंय. पुढं?”

मित्रांनो, दोन वर्षांनी तो शब्द मी ऐकला. कुठलीही पदवी नसलेल्या बाईने तो उच्चारला होता. मी जवळजवळ पळतच सुटलो. मध्ये दुसरी गाणी होती, उखाणे होते, जेवणावरून झालेले एक भांडणही होते. दुसरे कडवे, सुरुवात त्याच ओळीने, अकराशे तिसावी जागा. “येतंय. पुढं?” तिसरे. “येतंय गो, पुढं!” मग, दोन हजार नऊशे चोपन्नाव्या जागी, बाईंचा आवाज हळू झाला:

“हळद जानूला, आंबा मोहरला,
आजीचा हात गो गालाशी थरथरला.
आजी म्हणे, पोरी, जाशील लांब,
हळद सुकेतो जराशी थांब.”

राहीबाईंनी स्वतःच्याच गालाला हात लावला. मग म्हणाल्या, “ह्यो आजीचा मान! तवा मी नवरीची आय हुते. आयचं कडवं ध्यानात ऱ्हायलं. म्हातारीच्या कडव्याकडं कोन बघतंय?”

“आणि आता म्हातारी कोण झालं?”

“मी नाय, आरशातली!”

त्यांना वाचता येत नव्हते. बाईंनी कडवे दोनदा वाचले, तिसऱ्यांदा राहीबाईंनीच ते म्हटले, जानूच्या जागी राजनंदिनी घालून. शेजारच्या कार्यालयातले कारकून दारात येऊन उभे राहिले. मग राहीबाई बाईंनाच हाताला धरून पोलादपूरच्या गाडीकडे घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवी, बेचाळिसावी वही भरायला घेतली, म्हणून पुढचे मला कळले. मांडवात पाच कडवी झाली. चौथ्याच्या वेळी राहीबाईंनी नातीच्या गालावर हात ठेवला, तो हळद सुकेपर्यंत काढला नाही. आठ पोरींनी ते कडवे तिथल्या तिथे पाठ केले.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, हार तर मुळीच नको. तुमच्या घरात, वाडीत ज्यांना अशी गाणी येतात, त्या म्हणू शकतात तोवर ती उतरवून घ्या, उखाण्यांसकट, भांडणांसकट. लिहिलेल्या शब्दापर्यंत मी कितीही लांबून आनंदाने चालत येईन. न लिहिलेल्या गाण्याकडे जाणारी वाट मात्र मला सापडत नाही.