करंगळीची जागा

आमच्या खोऱ्यात चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून घेतली ते सांगायचं असतं. नाव न घेता वाजवणारा आणि न विचारता दुसऱ्याची होडी नेणारा, दोघांकडे लोक सारख्याच नजरेनं बघतात. त्यामुळे शनिवारच्या मेळाव्यात टोरग्रिम माझं नाव घेणार, हे ठरलेलंच होतं.

टोरग्रिम दूध संघाची गाडी चालवतो. चाळिशी उलटल्यावर त्यानं फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, शिकायचं खूळ डोक्यात घेतलं आणि तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात येतो. बूट आणि मोबाइल बाहेर ठेवायचे. कागदावर काही उतरवायचं नाही. मी वाजवते, तो ऐकतो आणि तसंच वाजवतो. कान असा तिखट, की मी शिंकले तर तेही सुरात उचलेल.

त्याला मी माझ्या वडिलांची खिंडीची चाल दिली होती. तोवर ती माझ्याखेरीज कुणाकडेच नव्हती. एकदा रेडिओवाले ध्वनिमुद्रण करायला आले होते, तर वडिलांनी गाय विणार आहे म्हणून त्यांना वाटेला लावलं. गाय भाकड होती.

मेळाव्याआधीच्या मंगळवारी त्यानं ती अख्खी वाजवली. गज छान फिरत होता, पायाचा ठेका पक्का होता, मुख्य तारांखालच्या जादा तारा आपोआप गुणगुणत होत्या. पण दुसऱ्या फेरीत, जिथे करंगळीनं तार हलकेच टिपायची, तिथे काहीच आलं नाही. वडिलांची सगळी ओळख त्याच जागेत होती.

"करंगळी झोपली का रे तुझी?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही वाजवता तेव्हा तिथे काही नसतं."

मला राग आला. त्याच्या हातून फिडल घेतली आणि वाजवून दाखवली. जागा आली नाही. पुन्हा वाजवली, तरी नाही. हिवाळा लागल्यापासून करंगळीचं पेर सुजलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण लहानपणापासून ऐकलेला तो सूर माझा कान स्वतःच भरून काढत होता. मला फार वाईट वाटलं. बोटाचं नाही एवढं. वडील माझ्या हातून थोडे गळून पडले होते आणि मला पत्ताही नव्हता.

आहे तसंच वाजव, असं सांगता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, माझं नावही राहिलं असतं. कॉफी ओतली, वॉफलची गरम, जाळीदार धिरडी बशीत काढली, पण तसं सांगवेना.

वडिलांनी मला ती चाल गोठ्यात दिली होती, धार काढताना, तोंडानं. दोन्ही हात गुंतलेले असल्यावर दुसरं काय करणार? माझ्या गळ्याबद्दल बोलायचं तर, मी गायला लागले की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, असं माझा नवरा म्हणायचा. तरी गायले. टोरग्रिम आधी हसला. मी बघितलं तसा ऐकू लागला. वॉफल गार होईपर्यंत आम्ही त्या एका जागेवर बसलो होतो. शेवटी त्याची करंगळी जागी झाली.

"आली," मी म्हणाले. "आता दुसरा मास्तर बघ. शहरात सगळी बोटं चालणारे आहेत."

तो फिडल पेटीत ठेवून गेला.

शनिवारी सभागृहात तो उभा राहिला. "ही चाल गुनवोरबाईंकडून," तो म्हणाला. "बरीचशी त्यांच्या हातून. आणि करंगळीची जागा त्यांच्या तोंडून."

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं वाजवलं. दुसऱ्या फेरीत ती जागा आली, आणि मागच्या बाकावरची म्हातारी सिग्ने मोठ्यानं म्हणाली, "अरे, हा तर अस्लाक." अस्लाक म्हणजे माझे वडील. मी रुमाल शोधू लागले.

मंगळवारी दुपारी दाराबाहेर बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला. मी फिडल भिंतीवरच राहू दिली आणि घसा साफ केला.