आणखी एक वेढा

घरातलं नको ते बाहेर काढायचं, पण नीट काढायचं, असा माझा खाक्या. फाटक्या चादरी प्राण्यांच्या दवाखान्यात, संपलेल्या बॅटऱ्या त्यांच्या पेटीत, सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया महिन्याच्या शेवटी औषधाच्या दुकानात. त्या सुया आम्ही बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात साठवतो. तसाच दुसरा डबा सासूबाईंच्या मागे राहिलेल्या बटणांचा. तो आज सकाळीच मी कोपऱ्यावरच्या बालवाडीला देऊन आले होते.

द्यायचं ते स्वच्छ द्यावं म्हणून झाकणाची टेप सोलून काढली. सासऱ्यांना टेपचं भारी वेड. चष्म्याला टेप, रिमोटला टेप, दोन्ही डब्यांना टेप. एकेक सुईसुद्धा टोपण घालून, वर टेप गुंडाळूनच डब्यात जाते. कचऱ्यात आणखी कचरा कशाला, म्हणून चार वर्षं मी त्यांचं डोकं खाते आहे. ते ऐकून घेतात आणि करायचं तेच करतात. तर, डबा हलवून पाहिला. खडखडला, म्हणजे बटणंच. झाकण उघडून बघायची तसदी मी घेतली नाही.

दहाच्या सुमाराला सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात आजची सुई, दुसऱ्या हातात उघडा डबा.

"सूनबाई, यात बटणं आहेत."

म्हणजे बालवाडीत गेला तो सुयांचा डबा. बालवाडीच्या बाईंना फोन लावला. वाजत राहिला. वर्ग चालू असताना त्यांचा फोन कपाटात असतो, हे मला ठाऊक होतं, तरी पुन्हा लावला. सुयांना टोपण होतं, टेप होती. पण तीन-चार वर्षांची पोरं टेप दिसली की सोलतात आणि टोपण दिसलं की उपटतात.

सासरे म्हणाले, मीही येतो. चपला घातल्या आणि दारातून परत आत वळले. आता काय विसरलं यांचं? मला इतका राग आला की त्यांना तिथंच सोडून मी पळत सुटले. रस्ताभर एकच डोक्यात: कुणाच्या तरी बोटातून रक्त आलं असेल आणि ते माझ्या नीटनेटकेपणामुळे.

वर्गाचं दार ढकललं. नऊ मुलं गोल करून बसलेली, मधोमध डबा. खेळ असा होता की डोळे मिटून एकेक बटण उचलायचं आणि त्याला किती भोकं ते बोटांनी ओळखायचं. बाई पाठमोऱ्या फळ्यावर बटणांचे गोल काढत होत्या; झाकण मुलांनीच काढलं होतं.

"सगळ्यांनी हात वर!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सतरा हात उघडे वर गेले. एक मूठ मिटलेली होती.

दोन शेंड्या बांधलेल्या त्या मुलीसमोर मी गुडघ्यांवर बसले आणि तिची बोटं एकेक करून उघडली. तळहातावर सुई होती. टेप जवळजवळ सगळी सोललेली, टोपणावर शेवटचा वेढा तेवढा चिकटून होता.

ती कुरकुरली, "माझं निघतच नाहीये."

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. बाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी मुलांना बाजूला नेऊन प्रत्येकाचे हात, खिसे तपासले. मी जमीन पाहिली.

तेवढ्यात धापा टाकत सासरे पोचले. त्यांनी डब्यातल्या सुया मोजल्या, त्या मुलीकडची धरून बारा. बारा दिवसांच्या बारा. मग झाकण बसवलं आणि खिशातून टेपचं रीळ काढलं.

"यासाठी आत गेला होतात, बाबा?"

"झाकण उघडं असेल म्हटलं."

ते एवढंच बोलले. चार वर्षांचं एक अक्षरही त्यांनी मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मी टेपचं टोक झाकणावर दाबून धरलं. त्यांनी डबा फिरवला, एकदा, दोनदा, आणि कात्रीसाठी इकडेतिकडे पाहू लागले.

"आणखी एक वेढा घ्या," मी म्हणाले.